सोमवारी बसवलेली काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे, आरशाचीही नव्हे. स्वयंपाकाच्या ओट्यामागे भिंतीला टाइल बसवतात ना, तसली हिरव्या काचेची टाइल. आकाराने तुमच्या पाटीच्या निम्मी असेन. निरगुडसरला कालव्याच्या अलीकडे एका मळ्यात घर आहे, त्याच्या अंगणात तुळशीवृंदावन आहे, आणि त्या वृंदावनाच्या दिव्याच्या कोनाड्यात आज मी बसलेली आहे. माझ्या उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला आहे.

आपली हकीकत सांगणाऱ्याने गोड बोलावे, झाले गेले विसरून जावे, अशी रीत आहे. आवाज मीही चढवणार नाही. ज्या बाईच्या हातून मी रोज पुसली जाते तिचाच आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही, तर माझा कुठून जाणार? पण मला राग आलेला आहे. पाच वर्षे झाली, तो उतरला नाही. तो का आला, एवढेच सांगते.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका भट्टीत झाला. वाळू वितळून पाण्यासारखी झाली, तिच्यात हिरवा रंग पडला, साच्यात ओतली गेली आणि थंड होता होता मी झाले. मी आरपार होते. इतर टाइलांच्या पाठीला माती असते, तोंडाला चकाकी असते. मला पाठ आणि तोंड वेगळे नाही. माझ्यामागे जे असेल तेच माझ्यापुढे दिसणार. हा माझा गुण म्हणा, दोष म्हणा. पुढचे सगळे त्यातूनच घडले.

खोक्यात बसून, गवतात गुंडाळून आम्ही नारायणगावला एका दुकानात आलो. हमरस्त्यावरच दुकान होते. दिवसभर टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्या जात, जीपवाले ओरडत, आणि आमच्यावर धूळ बसे. गिऱ्हाइके येत, फुलाफळांची चित्रे असलेल्या टाइला घेऊन जात. आमच्याकडे बोट दाखवून म्हणत, "ह्या नकोत, बाटलीच्या काचा वाटत्यात." दीड वर्ष आम्ही तशाच पडून होतो.

मग दोन हजार चार सालच्या फाल्गुनात ती आली.

तिचे नाव प्रतिभा. निरगुडसरच्या सावळेरामची बायको. दोन वर्षे टोमॅटोला बरा बाजार मिळाला होता आणि मळ्यात स्लॅबचे घर उभे राहिले होते. घराचा नकाशा सावळेरामने ठरवला. गच्चीचे स्टीलचे कठडे, बाहेरच्या खोलीची फरशी, दारावरचा नक्षीचा लाकूडपाट, सगळे त्यानेच पसंत केले. आता फक्त ओट्यामागची भिंत राहिली होती. तो बायकोला म्हणाला होता, "ती भिंत तुझी. बाकी घर माझं." आणि आपण फार मोठे मन दाखवले असे त्याला वाटत होते. दुकानात शिरताना तेच तो दुकानदाराला सांगत होता.

"शेठ, आज मालकीणबाई निवडणार हायेत. आमी नुसतं मान हालवाया आलोय."

आणि लगेच त्याने स्वतःच एक टाइल उचलली. तिच्यावर द्राक्षाचा घोस होता आणि शेजारी किटली. "ही बघ गं. लई झ्याक दिसती."

प्रतिभा हळूच म्हणाली, "द्राक्षं बाजारात बघतोच की. आमटी ढवळताना पुन्हा कशाला बघायची?"

दुकानदार हसला. ती मात्र हसली नाही, शोधत राहिली. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, भिंतीचा रंग निवडायला एवढे काय लागते? पण जुन्या घरात चुलीमागची मातीची भिंत ती सोळा वर्षे सारवत होती. दर शनिवारी काजळी खरवडायची, पोतेरे फिरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती भिंत पुन्हा काळी. आपला निम्मा जन्म त्या दीड हात भिंतीसमोर उभ्याने गेला हे तिला माहीत होते. राहिलेला निम्मा कुठल्या भिंतीसमोर काढायचा, ते ती आज ठरवत होती.

तिची नजर आमच्या खोक्यावर आली. तिने मला उचलले, पदराने धूळ पुसली आणि दुकानाबाहेर उन्हात नेऊन धरले. हिरवा उजेड तिच्या मनगटावर पडला.

"कालव्याला पाणी सुटल्यावानी वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिने जे केले ते दीड वर्षात कुणी केले नव्हते. कमरेची चंची काढली. देवळात जाताना लागते म्हणून तिच्यात हळदीकुंकवाची पुडी असे. चिमूटभर हळद घेतली, माठातल्या पाण्यात कालवली, थोडी माझ्या अंगावर फासली आणि थोडी त्या द्राक्षाच्या टाइलवर.

"हे काय करताय, ताई?" दुकानदार म्हणाला.

"हळदीनं पिवळी पडती का बघते."

"आजवर लोकांनी रंग इचारला, भाव इचारला. हळद कुणी इचारली न्हाई."

"हळद आमच्या हाताला असती, शेठ."

ती अर्धा तास बाकड्यावर बसून राहिली. सावळेराम दोनदा चहा पिऊन आला. मग तिने ओल्या फडक्याने दोन्ही पुसल्या. द्राक्षाच्या टाइलवर केसासारख्या बारीक रेघा होत्या, त्यांत हळद उतरून बसली होती. माझ्यावर डाग म्हणून नव्हता. एका फडक्यात मी जशीच्या तशी झाले होते.

"ही," प्रतिभा म्हणाली.

मित्रांनो, निवडले जाणे म्हणजे काय, ते मला त्या एका शब्दाने कळले.

दुकानदाराने चौसष्ट काचा मोजल्या आणि सावळेरामकडे वळून म्हणाला, "भाऊ, एक ध्यानात ठेवा. ही काच आरपार हाय. करड्या सिमेंटचे गोळे टाकून बसवली तर गोळे दिसणार. पांढरा सिमेंट लावा, सपाट पसरा, मग काच ठेवा. पिशवी देतो सोबत."

"व्हय व्हय," सावळेराम म्हणाला. त्याचे लक्ष रस्त्यावर लागलेल्या टेम्पोकडे होते. प्रतिभाने मात्र एकेक शब्द ऐकला. पिशवी तिने मांडीवर घेऊन घरी आणली.

आता तिच्या नेमाचे सांगायला हवे. तिची लेक हर्षाली तीन वर्षांची असताना तापाने फणफणली होती, तेव्हा प्रतिभा भीमाशंकराला बोलली होती की पोर उठली तर दर सोमवारी सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन धरीन. पोर उठली. आता ती अकरा वर्षांची होती आणि आठ वर्षांत एकही सोमवार मोडला नव्हता. सुगीत नाही, आजारपणात नाही, माहेरी वडील गेले तेव्हाही नाही. सगळ्या गावाला हे माहीत होते. देवाला दिलेला शब्द तिने पाळला. माणसांनी त्याचे काय केले ते ऐका.

वास्तुशांत अक्षय्य तृतीयेची धरली होती. त्या वर्षी ती गुरुवारी आली. कळंबचे गेणभाऊ मिस्त्री ओट्यामागच्या टाइला रविवारी बसवणार असे ठरले होते. रविवारी प्रतिभाने भिंत ओली करून ठेवली, पांढऱ्या सिमेंटची पिशवी ओट्याखाली शोधू लागली. पिशवी जागेवर नव्हती. "मिस्त्रीनं नेली आसंल बाजूला," सावळेराम म्हणाला. मिस्त्री काही त्या दिवशी आले नाहीत.

ते आले सोमवारी. सकाळी प्रतिभा महादेवाच्या देवळात गेली होती तेव्हा. आम्ही खोक्यातून सगळे ऐकत होतो.

"काल का न्हाई आलास रं?" सावळेरामने विचारले.

गेणभाऊ बिडी शिलगावत हसले. "काल आलो आसतो तर वैनी डोक्यावर हुब्या राहिल्या असत्या. हितं पांढरा लाव, तितं सपाट कर. सोमवारी वैनी बोलत न्हाईत. काम कसं सरळ व्हतं."

आणि सावळेरामही हसला! माझा पहिला राग तिथला आहे, मित्रांनो. एक बाई देवासाठी गप्प बसते, आणि दोन माणसे त्या गप्प बसण्याचा वार बघून घमेले कालवतात.

गेणभाऊंनी आम्हाला पाण्याच्या बादलीत टाकले. मातीच्या टाइला पाणी पितात म्हणून भिजवतात. काच पाणी पीत नाही. एवढेही न बघता ते पंचवीस वर्षांच्या सवयीने काम करत होते. करडा माल कालवला. एकेका काचेच्या पाठीवर मधोमध शेणाच्या गोळ्यासारखा माल थापायचा आणि भिंतीवर दाबायचे. झाले काम.

खालच्या तीन रांगा झाल्या होत्या, तेवढ्यात ती देवळातून आली. हातात बेलपानांची वाटी होती. भिंत बघून ती दारातच थांबली.

वाटी खाली ठेवून ती ओट्याशी आली. बोट लावून माल बघितला. पिशवी कुठे आहे, असे हाताने विचारले. गेणभाऊंनी थापीने बाहेर दाखवले. ती पुढच्या अंगणात गेली आणि तिला कळले. शनिवारी घराच्या कपाळावर मोठी मोठी पांढरीशुभ्र अक्षरे उठवली होती, 'मातृकृपा'. ती कशाची, हे तिला कुणी सांगितले नव्हते. सगळा पांढरा सिमेंट त्या अक्षरांना लागला होता.

ती परत आत आली. चौथी रांग अजून मोकळी होती. तिने मागच्या पडवीतल्या जुन्या चुलीतला कोळसा आणला आणि त्या मोकळ्या भिंतीवर ठसठशीत लिहिले: 'पांढरा सिमेंट लावा. सपाट पसरा.' आणि मिस्त्रींकडे बघत राहिली.

"चष्मा घरी राहिला, वैनी," गेणभाऊ म्हणाले.

ह्याच गेणभाऊंनी तासाभरापूर्वी आमच्या खोक्यावरचा बारीक छापील आकडा बिनचष्म्याने वाचला होता. मी ऐकले होते.

सावळेराम आत आला. त्याने वाचले. त्याला चष्मा लागत नव्हता. "पांढरा पाटीला लागला. सिमेंट ते सिमेंट. मागं तर लागायचाय, कोण बघतंय?"

तिने माझ्याकडे, मग खालच्या रांगांकडे बोट दाखवले. हिरव्या काचेतून करडे गोळे ढळढळीत दिसत होते.

"वाळल्यावर फिकं पडंल," तो म्हणाला. "अन् आज तुझं मौन हाय ना? मग हे हातवारे कशाला? हातानं भांडलं तरी मौन मोडतंच की. देवाला तरी भी."

तिचा हात खाली आला. ती देवघराकडे निघून गेली. गेणभाऊंनी तिची अक्षरे पुसण्याचेही कष्ट घेतले नाहीत. त्यांवरच चौथी रांग चढवली. मी त्या रांगेत होते. माझ्या पाठीवर मधोमध गोळा आला, आणि गोळ्याच्या वर, मोकळ्या जागेत, तिच्या कोळशाचे अक्षर आले.

खरे सांगते, त्या दिवशी मला तिचाही राग आला होता. बोल ना बाई, असे मी मनात म्हणत होते. एक शब्द बोल. तुझा देव एवढा का हिशेबी आहे? पण तिने नेम मोडला नाही. दिवेलागण झाली, तिने समई लावली, नमस्कार केला आणि तडक ओट्याशी आली. बाकीची कामे उरकून गेणभाऊ हातपाय धूत होते.

"गेणभाऊ, माल ओला हाय. आत्ता काढलं तर निघंल."

"आता कुठं, वैनी. थापी धुतली."

"अहो, तुमी सांगा त्यांना."

"पावणं यायचेत तेरवा," सावळेराम म्हणाला. "घर उघडं ठेवू का तुझ्या काचंपायी?"

तिने पुन्हा काही म्हटले. ते इतक्या हळू की गेणभाऊंच्या सायकलच्या आवाजात बुडाले.

गुरुवार उजाडला. होम झाला, पूजा झाली. मिस्त्रींचा मान म्हणून गेणभाऊंना टोपी-उपरणे दिले. ते नवी टोपी घालून पाहुण्यांत बसले होते. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालायचे असते. सगळ्या बायका स्वयंपाकघरात जमल्या. प्रतिभाने काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर नवी शेगडी पेटवली, दुधाचे पातेले ठेवले. खिडकीतून ऊन आले आणि थेट आमच्या अंगावर पडले.

सावळेरामची बहीण लंकाबाई पुढे उभी होती. तिच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे.

"अगं बया!" ती म्हणाली. "काचंखाली गोवऱ्या थापल्यात का काय?"

बायका हसल्या. दारातले पुरुषही वाकून बघू लागले. दिसतच होते तसे. चौसष्ट काचा आणि चौसष्ट गोवऱ्या. बोटांचे ठसेसुद्धा दिसत होते. लाजेने मला तडा गेला असता तर बरे झाले असते.

"मला नका इचारू," सावळेराम दारातून मोठ्याने म्हणाला. "ही भिंत तेवढी हिची पसंती. म्या द्राक्षाची घे म्हणत व्हतो."

पुन्हा हशा झाला. प्रतिभाने वर बघितले नाही. हात पुढे केला आणि शेगडी बंद केली.

"अगं, दूध वर यायचंय अजून," कुणीतरी म्हणाले.

"हितं न्हाई यायचं," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता. पण आता हसू थांबले होते, म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. "आज सोमवार न्हाई. आज मला बोलता येतंय. दुकानदारानं ह्यांच्यासमोर सांगितलं व्हतं, पांढरा लावा, सपाट पसरा. पांढरा दारावरच्या पाटीला गेला. अन् गेणभाऊ सोमवार बघून आले, म्या बोलू नये म्हणून. म्या लिहून दाखवलं, तर चष्मा न्हाई म्हणाले."

"आता पावण्यांसमोर काय बी सांगू नको," सावळेराम म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "कुठं लिवलं व्हतंस?"

प्रतिभाने वरच्या रांगेकडे बोट केले.

लंकाबाई ओट्याशी आली. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. डोळे बारीक करून, गोळ्यांमधल्या जागांतून, एकेक अक्षर जुळवत ती मोठ्याने वाचू लागली. माझ्यातून तिने 'पां' वाचला. शेजारणीतून 'ढ'. मग 'रा'. मधली काही अक्षरे गोळ्यांखाली गेली होती, पण पुढची ठळक होती. 'स-पा-ट.'

माझ्यामागे जे असेल तेच माझ्यापुढे दिसते, असे मी मघाशी म्हणाले ना? आयुष्यात एकदाच मला त्याचा अभिमान वाटला.

सगळे गेणभाऊंकडे बघू लागले. त्यांनी नवी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चष्मा न्हवता त्या दिशी," ते पुटपुटले.

"वाचायला चष्मा लागतो," लंकाबाई म्हणाली, "सिमेंटचा रंग बघायला बी लागतो व्हय रं, मुडद्या?" मग ती भावाकडे वळली. "अन् तुला रं? तुला कंच्या डोळ्याचा चष्मा लावू?"

तेव्हा गोजरबाई उठल्या. सावळेरामची आई. सून आणि सासू ह्यांचे काही फार गूळपीठ नव्हते. काचेला त्याही नावे ठेवत आल्या होत्या. त्यांनी पदराने पातेले धरले आणि ओट्यावरून उचलले.

"आई, कुठं चाललीस?"

"माझं नाव दारावर लावलंस, बाबा," गोजरबाई म्हणाल्या. "लई उपकार झाले. ह्या घरात येऊन पन्नास वर्सं झाली. चूल कुठं घालू, हे मला कवा कुणी इचारलं न्हाई. तुझ्या बापानं न्हाई, तू बी न्हाई. हिला तू इचारलंस. अन् इचारून वर हे केलंस. त्यापरीस इचारलं नसतंस तर बरं व्हतं."

त्या पातेले घेऊन मागच्या पत्र्याच्या पडवीत गेल्या. जुनी चूल अजून तिथे होती. सगळ्या बायका मागोमाग गेल्या. नव्या घराचे दूध जुन्या चुलीवर उतू गेले. आम्ही नव्या भिंतीवर रिकाम्या ओट्याकडे बघत राहिलो.

त्या दिवशी प्रतिभाने संकल्प केला. भिंत नीट होईपर्यंत ह्या ओट्यावर अन्न शिजवणार नाही. सावळेरामला वाटले, आठ दिवसांत येईल ताळ्यावर. तिला आठ वर्षे सोमवार पाळताना बघूनसुद्धा त्याला तसे वाटले, ह्याचे मला आजही नवल वाटते. वैशाख गेला. पाऊस लागला, पडवीच्या पत्र्यावर ताशा वाजू लागला, ओल्या लाकडांचा धूर तिच्या डोळ्यांत जाऊ लागला. त्या वर्षी अधिक श्रावण आला, चातुर्मासही पाच महिन्यांचा झाला. ती रुसली नाही, अबोला धरला नाही. वेळेवर भाकरी, वेळेवर नैवेद्य. फक्त सगळे पडवीत. गोजरबाई आणि हर्षालीही तिथेच जेवत. सावळेराम मानापोटी आपले ताट आत नव्या घरात मागवून घेई आणि आमच्यासमोर एकटा बसून जेवे. पाच-सहा महिने मी त्या माणसाचे तोंड बघितले. तोही रोज जेवताना ती गोळ्यांची भिंत बघत होता. माझ्या रागातला थोडा त्याच्यापर्यंत पोचला असावा.

दसरा झाल्यावर एके दिवशी तो ताट अर्धवट ठेवून उठला, मोटरसायकल काढली आणि नारायणगावला गेला. पांढऱ्या सिमेंटची पिशवी त्याने स्वतः टाकीवर ठेवून आणली. पडवीच्या दाराशी ती टेकवली आणि नुसता उभा राहिला.

"काचा न्हाईत त्याच्याकडं आता," तो म्हणाला. "येत न्हाईत म्हणतो तसल्या."

प्रतिभाने भाकरी उलटली. "मग हायेत त्याच काढाव्या लागतील."

मित्रांनो, इथे गोड शेवट होईल असे तुम्हाला वाटत असेल. नाही झाला. गेणभाऊ छिन्नी-हातोडी घेऊन आले, ह्या वेळी रविवारी. पहिल्याच घावाला माझी खालची बहीण फुटली. दुसऱ्याला दोघी. चुकीने लावलेले काढताना, ज्याची चूक नाही तेच फुटते. दुपारपर्यंत चौसष्टांतल्या बावन्न जणी ओट्यावर चुरा होऊन पडल्या. प्रतिभाने ते तुकडे कुणाला उचलू दिले नाहीत. स्वतः सुपात भरले. तिचे बोट कापले, तरी ती भरत राहिली.

आम्ही बारा जणी उरलो. अकरा धड आणि एक मी, टवका उडालेली. प्रतिभाने माल स्वतः कालवला. पांढरा, दह्यासारखा. गेणभाऊंनी थापी धरली, ती सांगेल तसा पसरला, आणि अकरा काचा शेगडीमागे तिच्या डोळ्यांच्या उंचीला एका ओळीत बसल्या. बाकी भिंतीला साध्या पांढऱ्या टाइला लावल्या. मग कार्तिकातल्या एकादशीला त्या ओट्यावर दूध उतू गेले. मला तिने वृंदावनाच्या कोनाड्यात आपल्या हाताने बसवले. दिवा लागला की माझ्यातून हिरवा उजेड तिच्या मनगटावर पडतो, दुकानाबाहेर पडला होता तसा.

मला साध्या ओल्या फडक्याने पुसले तरी पुरते. राखेने घासू नका, ओरखडे पडतात. माझ्यासाठी एवढेच मागणे आहे. पण माझ्या बावन्न बहिणींसाठी एक मागते. ज्या भिंतीसमोर एखाद्याला रोज उभे राहायचे आहे, ती कशी असावी ते त्यालाच विचारा. आणि विचारलेत, तर त्याचे ऐका. एखादे माणूस हळू बोलते म्हणून त्याचे बोलणे हलके नसते. आणि जे गप्प बसलेले असते, ते तुमच्या सोयीसाठी बसलेले नसते.

परवाचीच गोष्ट सांगते. मागे नवी न्हाणी बांधायचे काम निघाले आहे. गेणभाऊ आता म्हातारे झालेत, डोळ्यांवर दोरी बांधलेला चष्मा आहे. सकाळी सामान घेऊन आले आणि अंगणातच थबकले. प्रतिभा वृंदावनाला पाणी घालत होती. तिने त्यांच्याकडे बघितले, हात जोडले आणि बोलली नाही.

"आज सोमवार का?" गेणभाऊ म्हणाले. "ध्यानातच न्हाई राहिलं."

"जा आत, कालव माल," सावळेराम दारातून म्हणाला.

"न्हाई, भाऊ. वैनी सांगंपत्तुर मी थापी वली करत न्हाई."

आणि ते माझ्यासमोर, अंगणातल्या दगडावर, कोरडी थापी मांडीवर घेऊन बसले. ऊन डोक्यावर आले. गोजरबाईंनी भाकरी दिली, ती खाल्ली. ऊन कलले, गुरे परत आली. प्रतिभाने वात लावली, नमस्कार केला, आणि मग त्यांच्याकडे वळून हळूच म्हणाली, "गेणभाऊ, उद्या या. न्हाणीचा उतार कुठं काढायचा ते सांगते."

म्हातारा कण्हत उठला. दिवसभर बसून त्याचे गुडघे धरले होते.

मला त्याची दया आली नाही.